एका लहान मंडळीचा उन्हाळा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घालून दिली. तेव्हापासून या निमित्ताने मोठमोठे विद्वान बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री कायद्याची पुस्तके आणि जुनी वर्तमानपत्रे चाळताना. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये. कार्यवाहांनी मला विषय विचारला आणि मी आजचा विषय सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे वाटणे अगदीच चुकीचे नव्हते. मी कामगारांविषयीच बोलणार आहे. फक्त सुरुवात एका प्रार्थनामंदिराच्या दारापासून करणार आहे.

प्रथम एका शब्दाविषयी सांगतो. आपले ख्रिस्ती बांधव त्यांच्या मराठीत इमारतीला चर्च म्हणतात, पण तिच्यात जमणाऱ्या माणसांना 'मंडळी' म्हणतात. आपणही घरच्या माणसांना मंडळी म्हणतो, पंगतीला बसलेल्यांना मंडळी म्हणतो. रविवारची प्रार्थना ती 'उपासना', धर्मोपदेशक तो 'पाळक', मुलांचा रविवारचा वर्ग ती 'शब्बाथशाळा'. हे शब्द मला पूर्वी ठाऊक नव्हते. मी ख्रिस्ती नाही, आणि खरे सांगायचे तर देवाधर्माच्या बाबतीत एकंदरीत कोरडाच आहे. हे शब्द मी बिबवेवाडीत शिकलो.

बिबवेवाडी आपणा सर्वांना माहीत आहे. सातारा रस्त्याकडून वर चढत गेले की अप्परची वस्ती लागते. पहाटेच्या बसने तिथून शहरात जाणारी माणसे पाहा. रुग्णालयातल्या आया, रखवालदार, झाडूवाल्या, मार्केट यार्डातले हमाल. हे शहर सकाळी उघडते ते यांच्या हातांनी. या वस्तीच्या कडेला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आहे आणि तिच्यात तीस-पस्तीस घरांची एक लहानशी प्रॉटेस्टंट मंडळी जमते. तिचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ती माणसे प्रसिद्धीसाठी जमत नाहीत.

सात-आठ वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. आम्हाला सफाई कामगार स्त्रियांच्या एका अर्जावर सह्या घ्यायच्या होत्या. रविवारी माणसे घरी सापडतात, या हिशेबाने मी सकाळी साडेसातला वस्तीत पोचलो, तो चार घरांना कुलपे. शेजारीण म्हणाली, "ते उपासनेला गेलेत." मी म्हटले, "इतक्या लवकर?" ती म्हणाली, "उन्हाळ्यात लवकरच असते. दहानंतर तिथं पत्रा तापतो."

मी त्या खोलीबाहेर लिंबाखाली उभा राहिलो. आतून पेटी आणि तबल्याचा आवाज येत होता. गाण्याची चाल अभंगाची होती. मला वाटले होते की काही इंग्रजी थाटाचे ऐकू येईल. प्रत्यक्षात ऐकू आले ते आमच्या गावच्या देवळासमोर एकादशीला ऐकू यावे तसे. तासाभराने उपासना संपली. एक वयस्क गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "उन्हात का उभे, भाऊ? आत या, चहा घ्या." मी आत गेलो. माठातले पाणी प्यालो, चहा घेतला, आणि अर्ध्या तासात माझ्या अर्जावर अकरा सह्या झाल्या.

हा चहा पिताना मला काहीच वाटले नाही. पण याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पुढे आलेल्या चहाने केवढे वादळ उठवले होते, हे आपणास ठाऊक आहे. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक असे लोक त्या बैठकीला होते. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज तसल्या चहाला कोणी विचारीत नाही. हा बदल लहान समजू नये. मात्र १८९० हे साल आपण लक्षात ठेवा. त्याच साली घडलेली दुसरी एक गोष्ट मला पुढे सांगायची आहे.

पुढे मी अधूनमधून तिथे जाऊ लागलो. ज्यांनी मला आत बोलावले ते गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याकडून मला पुष्कळ कळले. या मंडळीतली बहुतेक घरे मूळची नगर जिल्ह्यातली, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली तिथेच निघाले. परंतु मिशनऱ्यांनी आणलेल्या परक्या चालींनी आपल्या माणसांचे मन भरेना. पुढे ख्रिस्ती कीर्तने सुरू झाली, भजने रचली गेली, आणि १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावर तर अभंगाची सारी परंपराच त्या उपासनेत शिरली. ते ९ मे १९१९ रोजी वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच या लक्ष्मीबाई. मी लिंबाखाली उभा राहून जे ऐकले त्याचे मूळ हे असे आहे.

आता उन्हाळ्याकडे येतो. उन्हाळा हा कोणत्याही संस्थेच्या परीक्षेचा काळ असतो. शाळांना सुट्ट्या लागतात, लग्ने निघतात, माणसे गावी जातात. एरवी साठसत्तर माणसे जमतात तिथे मे महिन्यात पंचवीस दिसतात. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या आहेत. ते महिन्यातून दोनदा येतात. बाकीच्या रविवारी उपासना चालवायची कोणी? त्या खोलीच्या भिंतीवर एक साधी फळी आहे. तिच्यावर खडूने कामे आणि नावे लिहिलेली असतात: झाडलोट, पाणी, वाचन, उपदेश, पेटी, चहा, आजाऱ्यांच्या भेटी. नियम एकच. जो गावी जाईल त्याने आपले नाव पुसण्याआधी दुसऱ्याला विचारायचे आणि त्याचे नाव लिहायचे. नुसते पुसून जायचे नाही.

मी ती फळी पाहिली आणि मला आमच्या युनियनची कचेरी आठवली. एप्रिल संपला की आम्ही म्हणतो, 'सभासद गावी गेले आहेत, जूनमध्ये बघू,' आणि कुलूप लावतो. मालक मात्र मे महिन्यात कुलूप लावीत नाही. आमची कितीतरी माणसे मे महिन्यातच कामावरून कमी झाली आहेत. त्या फळीसारखी फळी आता आमच्या कचेरीत आहे. नियमही मी तोच उचलला आहे, आणि कोठून उचलला हे मी सभासदांना सांगतो.

उन्हाळ्यातले दुसरे काम मुलांचे. शाळा बंद, आईबाप कामावर, घर पत्र्याचे. मुले दिवसभर उन्हात भटकतात. ही मंडळी मे महिन्यात दहा दिवस सकाळी मुलांची सुट्टीतली शाळा चालवते. गाणी, गोष्टी, पाठांतर, खेळ आणि शेवटी सरबत. वीसपंचवीस मुले असतात. ज्या ताई ही शाळा आणि वर्षभराची शब्बाथशाळा चालवीत त्या आमच्या सभासद. एका मोठ्या इमारतीत कंत्राटदाराकडे सफाईचे काम करणाऱ्या. बारा वर्षे त्यांनी मुलांचा वर्ग घेतला होता.

या ताई एके दिवशी कचेरीत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, माझी सुट्टी रविवारची होती, ती बुधवारी केली. मला रविवार मिळवून द्या." माझ्यापुढे त्या दिवशी थकलेल्या पगाराची, भविष्यनिर्वाह निधीची प्रकरणे होती. मी वर न पाहता म्हणालो, "ताई, आठवड्याची सुट्टी मिळते ना? मग वार कोणता, याला काय महत्त्व?" त्या थोडा वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "बुधवारी मी घरी असते भाऊ, पण घरात कोणीच नसतं."

बंधुभगिनींनो, तीस वर्षे मी कामगारांत काम करतो, पण सुट्टी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. त्यांचे यजमान भाजीपाल्याच्या बाजारात हमाल. तिथे रविवारी सर्वांत मोठी आवक, सुट्टी शनिवारी. मुलगा घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा. रविवारी त्याला सर्वांत जास्त काम. आणि ताईंना बुधवार. तिघांनाही सुट्टी आहे. कायद्याने पाहिले तर तक्रारीला जागा नाही. पण तीन माणसांचे ते घर महिनेच्या महिने एकत्र जेवायला बसत नाही. विश्रांती त्यांना मिळते, सोबत मिळत नाही.

आता १८९० सालची ती दुसरी गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला; त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. त्यातली पहिली मागणी रविवारच्या पूर्ण सुट्टीची होती. ती मान्य होण्यास सहा वर्षे लागली. १८९० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे अशाच उन्हाळ्यात, सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पुष्कळांना वाटते की रविवार हा साहेबाचा वार, त्याने आपल्यावर लादला. तसे नाही. साहेबाच्या राज्यात गिरण्या रविवारीही चालत होत्या. तो वार आपल्या कामगारांनी मागून घेतला. रविवार हा खंडोबाचा वार, असेही लोखंड्यांनी त्या वेळी मांडले, असे सांगतात. त्यांनी 'आठवड्यातून कोणताही एक दिवस' असे मागितले नाही. सगळ्यांना एक वार मागितला. ही माणसे अशिक्षित होती म्हणतात; पण एकट्याची सुट्टी आणि सगळ्यांची सुट्टी यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळला होता.

१९४८ च्या कारखाना कायद्याने हीच गोष्ट कलम ५२ मध्ये घातली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, कामगाराला कामाला लावू नये. लावायचे तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत त्याला बदली सुट्टी द्यावी आणि तशी सूचना आधी लावावी. त्याच वर्षीच्या मुंबई दुकाने कायद्याने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे बंधन घातले. दुकान बंद म्हणजे मालकालाही सुट्टी, नोकरालाही सुट्टी. २०१७ साली महाराष्ट्राने नवा दुकाने कायदा केला. त्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्यास मोकळीक दिली; नोकराला मात्र आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी हवी, असे म्हटले. आणि संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या संहितेत आठवड्यात सहा दिवसांहून जास्त काम घेऊ नये, एवढेच आहे. सातवा दिवस आहे, त्याला नाव नाही. लोखंड्यांनी मिळवलेल्या सुट्टीतला दिवस राहिला आणि वार गेला. हे इतके हळू झाले की आम्ही युनियनवाल्यांनीसुद्धा त्याविरुद्ध आवाज केला नाही.

वाराला एवढे महत्त्व आहे काय, असे कोणी विचारील. त्याला मी आपल्याच कोकणातला दाखला देतो. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्रायली लोक शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत. मराठी बोलत, आपल्यासारखीच गावांवरून आडनावे घेत. हिब्रू ते विसरले, ग्रंथ विसरले. पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही, हे विसरले नाहीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पुस्तकावाचून, पुरोहितावाचून तो समाज टिकला, त्याला जी मोजकी कारणे आहेत त्यांत हे एक आहे. सगळे घाणे एकाच दिवशी थांबत. म्हणून सगळी माणसे एकमेकांना भेटत.

बिबवेवाडीच्या त्या मास्तरांनी मला याच अर्थाचे एकदा सांगितले. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्टचा सण येतो. तो ऐन मे-जूनच्या उकाड्यात पडतो. ख्रिस्ती लोक मंडळीचा जन्म त्या दिवशी झाला असे मानतात. मास्तर म्हणाले, "आमच्या शास्त्रात त्या प्रसंगाचे वर्णन आहे, त्यात पहिली गोष्ट कोणती सांगितली आहे? ते सगळे एका ठिकाणी जमले होते, ही. बाकीचे चमत्कार त्यानंतर." चमत्कारांविषयी मला बोलता येणार नाही. पण जमण्यावाचून काही होत नाही, याला माझ्या तीस वर्षांच्या कामाची साक्ष आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते खरे आहेत. पहिला असा की, रुग्णालये, बसगाड्या, पाणी, वीज ही रविवारी बंद ठेवता येत नाहीत. याचे उत्तर त्या मंडळीतच मला सापडले. तिच्यात तीन परिचारिका आहेत. त्या रविवारी पाळीने कामावर जातात आणि कुरकुर करीत नाहीत. त्यांच्यासाठी बुधवारी संध्याकाळी घरोघर प्रार्थनेची बैठक असते. गरजेसाठी रविवार देण्यास त्यांची ना नाही. पण इमारतीतल्या काचा रविवारीच पुसल्या पाहिजेत, यात गरज कोणाची? दुसरा आक्षेप असा की, सगळ्यांचा वार एक कसा? मुसलमान भगिनीला शुक्रवार हवा, दुसरीला गुरुवारचा दत्ताचा वार हवा. हेही खरे.

तेव्हा आम्ही असे केले. त्या इमारतीतल्या बावीस स्त्रियांना एकत्र बसवले आणि सुट्ट्यांचा तक्ता त्यांनाच करायला सांगितला. पहिल्या दिवशी भांडणे झाली. दुसऱ्या बैठकीत तक्ता तयार झाला. दोघींनी शुक्रवार घेतला, तिघींनी गुरुवार, आणि उरलेल्या रविवारांची वाटणी करून ज्यांना हवा त्यांना महिन्यातून दोन रविवार पक्के मिळाले. कंत्राटदाराला यात एक पैसाही जास्त खर्च नव्हता. तरी त्याने चार महिने लावले. सुट्टी कोणी कोणत्या दिवशी घ्यावी हे कामगाराने ठरवावे, हीच गोष्ट त्याला पचत नव्हती. शेवटी सही झाली.

हा मोठा विजय नव्हे. ताईंना दोन रविवार मिळाले, दोन मिळाले नाहीत. त्या दोन रविवारी वर्ग आता दुसऱ्या एक बाई घेतात. मुलांना दोन शिक्षिका झाल्या. मुलगा अजूनही रविवारी डबे पोचवतो. कंत्राट बदलले की तोच झगडा पुन्हा करावा लागेल. पण गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या मुलांच्या शाळेच्या शेवटच्या दिवशी गेलो होतो. फळीवर 'सरबत' या कामापुढे खडूने त्यांच्या यजमानांचे नाव होते. दिवस शनिवारचा होता. मुलांच्या शाळेचा शेवटचा दिवस त्यांनी मुद्दाम यजमानांच्या सुट्टीवर आणला होता आणि स्वतःची एक रजा खर्च केली होती.

शेवटी आपणा नागरिकांना माझे मागणे आहे, कायद्यापुरते नव्हे. आपल्या सोसायटीचा रखवालदार, आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई, आपल्या दुकानातला पोऱ्या यांना सुट्टी देताना एकदा विचारा की, तुमच्या घरच्यांना कोणत्या दिवशी सुट्टी असते? आणि तो दिवस त्यांना द्या. भजनी मंडळ असो, तालीम असो, युनियन असो की बिबवेवाडीतली ती लहान मंडळी असो. माणसे एका वेळी मोकळी असतील तरच ही सारी टिकतील. व्याख्यानमालासुद्धा. आज आपण इतके जण येथे बसला आहात, कारण आपल्यापैकी बहुतेकांची संध्याकाळ एकाच वेळी मोकळी झाली. या मंडपाच्या दाराशी गाड्या लावून घेणारा माणूस मात्र आत येऊ शकलेला नाही. त्याची सुट्टी मंगळवारी असते. मी येताना त्याला विचारले.